भुंड्याला भुंडी नको

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि ती तर माझ्या पोटातलं माझ्या आधी ओळखायची. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझ्या तोंडून निघाली नाही अशी गोष्ट उरलेली नसेल. मी बोलायला लागलो की चहा गार होतो, मोटार निघून जाते, ज्याला बाजारात मीठ आणायला पाठवलंय तो संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी जातो. पण ही एक गोष्ट मी गिळून बसलो — चाळीस वर्षं म्हणा, जास्तच असतील. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून आज सांगायला बसलोय. अनोळखी माणसापुढे बोलणं सोपं असतं. की हाही भेकडपणाच?

असू दे. आधी मी कोण होतो ते ऐका, नाहीतर मी किती उंचावरून बोलत होतो ते तुम्हाला कळायचं नाही.

मी बोकडवाला गणपत. गाव किन्हवलीजवळ. लढाईच्या आधीची सात-आठ वर्षं आणि लढाईची सगळी, या दोन तालुक्यांत ज्या शेळीनं एका धारेला अच्छेराच्या, म्हणजे अर्ध्या शेराच्या, वर दूध दिलं, ती माझ्या बोकडाची लेक होती नाहीतर नात. तुम्ही म्हणाल गणपत वाढवून सांगतो. दोन-चार शेळ्या सोडून देतो, चला. बाकीच्या माझ्याच.

त्याआधी आमच्याकडच्या शेळ्या कशा होत्या म्हणता? मांजरीएवढ्या. धार काढायला बसलं तर भांड्यात पडायच्या आधी दूध वाऱ्यानं वाळायचं. कारण काय, तर प्रत्येक पाड्यावर बोकड एकच. डोळखांबकडच्या एका पाड्यावर मी असा बोकड बघितलाय की जो तिथल्या सगळ्या शेळ्यांचा बाप होता, आजा होता आणि नवराही होता. त्याला स्वतःलाच आपण कोण लागतो ते कळत नसावं, कारण तो नेहमी विचारात पडल्यासारखा उभा असायचा. अशा घरात दूध कसं वाढेल? करडं लहान होत गेली, कासा लहान होत गेल्या, आणि लोक म्हणायचे की आमच्या मातीतच दम नाही.

मी म्हटलं, मातीला कशाला नावं ठेवता, बोकड फिरवा.

आणि मी फिरवला. एका गावात बोकड दोन पावसाळे ठेवायचा. त्याच्या लेकी माजावर यायच्या आत उचलायचा, दुसऱ्या गावाला द्यायचा, आणि तिथला इकडे आणायचा. बोकडाला बोकड. फार तर वर एखादी टोपली नागली. किन्हवलीचा मुरबाडला, मुरबाडचा खर्डीला, खर्डीचा उंबरमाळीच्या रानातल्या वाड्यांवर. माझ्या मागून सहा-सहा बोकड दोरीनं चालायचे, आणि ज्या गावात मी दुपारी पोचणार त्या गावाला माझा वास सकाळीच पोचलेला असायचा. बोकड माजात आला की स्वतःच्या दाढीवर काय शिंपडून घेतो ते ज्यानं शेळ्या पाळल्यात त्याला सांगायला नको. ज्यानं नाही पाळल्या त्यानं न विचारलेलं बरं. मोटारीत मला कुणी बसू देत नसे. मला अख्खा टप मिळायचा, माझा आणि बोकडांचा.

तीन वर्षांत दूध वाढलं. खर्डीला, कसाऱ्याला रेल्वेच्या माणसांची बिऱ्हाडं होती, त्यांच्या घरी तान्ही पोरं होती. त्यातून शेळीच्या दुधाला त्या दिवसांत देशभर एकाएकी फार मान आला होता. ज्या बायांनी जन्मात दूध विकलं नव्हतं त्या कासंडी घेऊन स्टेशनावर जायला लागल्या. मला बघितलं की पदर सावरून उठून उभ्या राहायच्या. एका म्हातारीनं तर माझ्या नावानं नातवाचं नाव ठेवलं. तिला नातू आधीपासून होता, नाव बदललं.

आणि मग मला भुंडा मिळाला.

नाणेघाट चढून वर गेलो होतो, जुन्नरच्या अंगाला. एका धनगराकडे तो होता. पांढरा, कान तांबडे आणि छातीपर्यंत लोंबणारे, आणि डोक्यावर शिंग नाही. नावालाही नाही. नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत डोकं. त्याची आई एका वेळी पायली भरून दूध देते असं धनगर म्हणाला, म्हणजे तो माझ्याच जातीचा बोलणारा होता. मी दोन बोकड देऊन तो एक घेतला आणि घाट उतरायला लागलो. पायऱ्यांवर तो अडून बसला तेव्हा खांद्यावर घेतला. अर्ध्यावर करवंदीच्या जाळीतून बिबळ्या आडवा आला. मी उभा, बिबळ्या उभा. वारा आमच्याकडून त्याच्याकडे वाहत होता. बिबळ्यानं एकदा नाक वर केलं, दोनदा शिंकला, आणि जसा आला तसा परत गेला. याला साक्षीदार नाही. भुंडा होता, तो मेला.

या बोकडानं मला राजा केला. त्याच्या पहिल्या पिढीच्या लेकींनी शेरभर दूध दिलं. निम्मी करडं त्याच्यासारखीच भुंडी निपजायची, आणि लोकांना भुंडं जनावर फार आवडलं. का नाही आवडणार? पोराला ढुशी मारत नाही, कुंपणात अडकत नाही, शेळ्या एकमेकींची कास फाडत नाहीत. बघता बघता भुंडी शेळी म्हणजे घराची शोभा झाली. लोक शिंगवाल्या शेळ्या कसायाला द्यायला लागले आणि भुंड्या राखायला लागले. मुलगी बघायला आलेले पाहुणे आधी गोठ्यात डोकावून शेळ्यांची डोकी मोजायचे. भुंड्याचे लेक, नातू मी बावीस गावांत दिले. बावीस. हा आकडा मात्र वाढवलेला नाही, आणि तो मला पुढे फार महागात पडला.

तुम्ही म्हणाल, कबुली कुठाय? हा तर मिरवतोय.

येतो. तिकडेच चाललोय. पण बघा ना, पाय कसे मागे ओढतात ते. हवी तर लहानसहान देतो. शहापुरात जन्मलेला बोकड मी सुरतेचा म्हणून खपवलाय. म्हाताऱ्या बोकडाचे दात कुणी बघू नयेत म्हणून तो चावरा आहे अशी आवई उठवलीय. ही काय पापं आहेत? हा व्यापार. याच्यासाठी मी तुम्हाला थांबवून ठेवलं नसतं.

माझी धाकटी बहीण चंद्रा. तिला सरळगावच्या पलीकडे दिली होती. घरी भात होता, आणि तीस शेळ्या. त्या तीस शेळ्यांत अठ्ठावीस भुंड्या — मामाच्या कृपेनं. मामा म्हणजे मी. चंद्राच्या मुलाचं, नामाचं लग्न झालं. मुलगी खर्डीच्या बाजूची, सगुणा. बाप रेल्वेच्या रुळांवर कामाला. सतरा-अठराची असेल. रंगानं सावळी, बोलायला कमी, आणि बघायला फार. काही माणसं बघतात तेव्हा वाटतं की ही मोजतायत. तशी. आल्या दिवसापासून शेळ्यांचं तिच्याकडे आलं.

ज्या आठवड्यात ती माप ओलांडून घरात आली, त्याच आठवड्यात मी लग्नाचा आहेर म्हणून एक नवा भुंडा बोकड चंद्राच्या दारात बांधला. मूळ भुंड्याचा नातू, बापाकडूनही आणि आईकडूनही. दोन्ही बाजूंनी भुंडा. मी त्याचा अभिमान सांगत होतो.

पहिल्या वेतात करडं झाली आणि त्यात काही विचित्र निघाली. ना नर, ना मादी. मागून बघितलं तर पाट, म्हणजे मादी करडू, वाटावी, पण अंग चुकीचं. वाढली तर बोकडासारखी दाढी, बोकडासारखा दर्प, आणि गाभण कधी राहायची नाहीत. दुसऱ्या वेतात त्याहून जास्त. दुधासाठी ज्या पाटी राखायच्या त्यातल्या निम्म्या अशा. कळप जागच्या जागी थांबला. म्हाताऱ्या शेळ्या आटत चालल्या आणि त्यांच्या जागी उभी राहायला कुणी नाही.

आता खरं सांगायचं तर मला हे नवं नव्हतं. माझ्या स्वतःच्या गोठ्यात आदल्या वर्षी अशी दोन झाली होती. मी मटण करून शेजाऱ्यांना वाटलं, सगळ्यांनी वाखाणलं. अजून चार-पाच गावांतून बारीक आवाजात तक्रारी आल्या होत्या. मी विचारायचो, "ग्रहणात गाभण शेळी बाहेर सोडलीत ना?" आणि सगळ्यांनी कधी ना कधी सोडलेली असायचीच. मान खाली घालून परत जायचे. का होतं ते मला माहीत नव्हतं, हे खरं. माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं.

चंद्रानं मला बोलावणं धाडलं. उन्हाळा होता, खळ्यात मांडव होता. गावातली पंधरा-एक माणसं जमली होती, कारण बोकडवाला गणपत येणार म्हणजे काही ना काही ऐकायला मिळणार. माझ्यासाठी घोंगडी अंथरली होती. मी बसलो, पान लावलं, ती करडं बघितली, गंभीर चेहरा केला.

चंद्रा म्हणाली, "गणपा, तूच सांग रे. तुला कळतं. आमचं काय चुकलं?"

मी ग्रहणाकडे वळणार, एवढ्यात दाराच्या आतून आवाज आला. सगुणा चौकटीला धरून उभी होती. डोक्यावर पदर, नजर खाली, पण आवाज सरळ.

"मामा, आपल्यात शिंगवाल्या दोनच हायत. त्यांची करडं दोनी येळेला चांगली झाली. खराब झाली ती भुंड्यांचीच. नि खराब झालेल्यात एकालाबी शिंगाचा कोंब नाय, मी हात लावून बघितलंय. बोकड पन भुंडा. मला वाटतं, भुंड्याला भुंडी देऊ नाय."

एवढंच. पाच-सहा वाक्यं.

तुमच्या डोक्यात कधी लख्ख उजेड पडलाय? माझ्या पडला. माझ्या गोठ्यातली ती दोन — भुंडी. आई भुंडी, बाप भुंडा. किन्हवलीच्या सुताराकडचं — भुंडं. टोकावड्याचं, वासिंदचं, सगळी एका ओळीत माझ्यासमोर उभी राहिली, गुळगुळीत डोक्यांची. मी अर्धं आयुष्य बोकडांच्या मागे चाललो आणि मला जे दिसलं नाही ते या पोरीनं दोन वेतांत हात लावून बघितलं होतं. ती बरोबर होती. ते मला त्याच क्षणी कळलं. पानाचा चुना जिभेला लागेपर्यंतही वेळ गेला नाही.

आणि त्याच क्षणी मला बावीस गावंही दिसली.

मी काय केलं असेल? तुम्ही चांगली माणसं आहात, तुम्ही म्हणाल की तो गप्प बसला. गप्प बसलो असतो तर आज इथे बसून सांगितलं नसतं.

मी हसलो. मोठ्यानं, पोट धरून, जसा मी बाजारात हसायचो. आणि म्हटलं, "आमच्या सूनबाईनं बोकडाचं डोकं झकास पारखलं हो. अगो बाय, करडू काय बोकडाच्या डोक्यातून येतं? कुठनं येतं ते नामाला विचार. वरीस होऊन गेलं लग्नाला, त्यानं अजून सांगितलं नाय वाटतं."

खळं फुटलं हसून. पंधरा माणसं. एक म्हातारा तर खोकत खोकत आडवा झाला. नामाही हसला, कान लाल करून. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं आणि सगुणाला दिवस गेले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. म्हणूनच तर विनोद लागला. मी विनोद नेमका मारतो. त्यात मी कधी चुकलो नाही.

सगुणानं पदर पुढे ओढला आणि आत गेली. दार लावलं नाही. तसंच उघडं राहिलं.

मग चंद्रा जे मनात धरून होती ते बोलली. "बोकड आणि ही एकाच आठवड्यात घरात आली. बोकड तर माझ्या भावाचा. मग खोट कुणाची?" पुढचं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. पांढऱ्या पायाची. शेळ्यांची कूस हिनं बांधली, स्वतःची बांधली तशी. माझ्या एका शब्दानं हे तिथल्या तिथे थांबलं असतं. मी दुसरं पान लावत होतो.

आठ दिवसांत तिला खर्डीला पोचवली. बोचकं आणि ती. पुढे त्या विनोदाला पाय फुटले. म्हशाच्या गुरांच्या जत्रेत अनोळखी माणसानं तो मला ऐकवला, माझाच म्हणून नव्हे, असाच. मी हसलो.

आता माझा पराक्रम ऐका. उपरोधानं म्हणत नाही; तो पराक्रमच होता, आणि आजही आठवला की छाती फुगते, काय करू?

मी बावीस गावांतले भुंडे बदलले. सगळेच्या सगळे. एकालाही खरं कारण न सांगता. तुम्ही करून बघा — ज्या माणसाला तुम्ही पाच वर्षं भुंड्याचं वेड लावलंय, त्याच्या दारातून भुंडा सोडवून शिंगवाला बांधायचा, आणि वर त्यानं तुमचे आभार मानायचे. कुठे म्हटलं, भुंड्याचा फेरा संपला, आता शिंगांचा फेरा. कुठे म्हटलं, लढाईमुळे साहेबलोकांना शिंगवाल्याच्या लेकीचंच दूध चालतं, पोरांचे दात लवकर येतात. एका गावी पाटलाला म्हटलं की भुंडा बोकड दारात असला की घरधन्याला टक्कल पडतं. पाटलानं डोक्यावरून हात फिरवला आणि बोकड स्वतः सोडून दिला. नाणेघाट मी त्या दोन वर्षांत इतक्या वेळा चढलो-उतरलो की पायऱ्या माझ्याकडून झिजल्या, पूर्वीच्यांचं उगाच नाव. असे शिंगवाले आणले की पाहत राहावं. पिळदार, मागे वळलेली शिंगं, अंगानं वासराएवढे.

आणि गोठे साफ झाले. भुंड्या शेळ्यांना शिंगवाला बोकड दिला की एकही करडू वाकडं नाही. एकही नाही. पाटी सुरेख, कासा भरलेल्या. दूध पुन्हा चढलं, आधीपेक्षा वर गेलं. तिच्या त्या पाच-सहा वाक्यांवर मी बावीस गावं उभी केली, आणि प्रत्येक गावात माझ्या गळ्यात हार.

बावीस गावं. चंद्राचं घर मात्र शेवटी ठेवलं. आधी बोकड बदलले, मग पोरीकडे वळलो. तिकडे जायचं म्हणजे त्या खळ्यात पुन्हा उभं राहायचं. दोन वर्षं मी त्या वाटेलाच फिरकलो नाही. फिरकलो तेव्हाही आपणहून नाही. चंद्राचा निरोप आला की नामासाठी दुसरी मुलगी बघतोय, मामानं सुपारी फोडायला यावं.

तेव्हा मी हललो.

गेलो आणि चंद्राच्या ओसरीवर बसून जन्मातली सगळ्यात देखणी थाप मारली. म्हटलं, घाटावर एका धनगराकडे देवाच्या कळपातला बोकड मिळालाय. तुझा गोठा पुन्हा भरेल. पण धनगरानं एक अट घातलीय. या घरातून जी बाई रडत गेली असेल, तिच्या हातानंच तो उंबऱ्याच्या आत आला पाहिजे. दुसऱ्या कुणी दोरी धरली तर आहे तेही दूध आटेल. मी डोळे मिटून सांगत होतो. चंद्रा माझ्या थापा लहानपणापासून ओळखते, तरी ती फशी पडली. तिलाही फशी पडायचं असेल. शेळ्या बारावर आल्या होत्या.

सत्य सांगूनही सगुणा परत आली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. सत्याला दोन वाक्यं पुरली असती. मी थापेला अर्धा दिवस घालवला.

खर्डीला गेलो. तिच्या बापानं मला पाणी दिलं, गूळ दिला, आणि माझ्या पाया पडला. मामा स्वतः न्यायला आले. सगुणा वाळली होती. बोचकं घेऊन निघाली. शहापूरपर्यंत मोटार, पुढे पायी. वाटेत मुक्काम माझ्या घरी, माझ्या बायकोनं तिला न्हाऊ घातलं, नवं लुगडं दिलं. सकाळी बोकडाची दोरी मी तिच्या हातात दिली. तिनं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"शिंगं हायत," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हायत."

पुढे चार कोस आम्ही चाललो. मी त्या चार कोसांत नदीच्या पुराबद्दल बोललो, घाटातल्या बिबळ्याबद्दल बोललो, भाताच्या भावाबद्दल बोललो. माझ्याइतकं कुणीच बोललं नसेल त्या वाटेवर. ती बोकडाच्या चालीनं चालत होती. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. आणि तिला हेही माहीत असावं की हा माणूस ते बोलणार नाही.

गावाच्या शिवेवर ढोल होते. मीच सांगून ठेवलं होतं. गुलाल, हळद, बोकडाच्या शिंगांना झेंडूच्या माळा. चंद्रानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, बोकडावरूनही आणि सुनेवरूनही. सगुणा दोरी धरून उंबरा ओलांडून आत गेली, आणि त्या वर्षी त्या गोठ्यात जे पीक आलं ते तुम्ही बघायला हवं होतं. बारा पाटी, एकाहून एक. पुढल्या वर्षी तिलाही मुलगी झाली. आता सगळे म्हणायला लागले, लक्ष्मीच्या पावलांची. ज्या तोंडांनी पांढऱ्या पायाची म्हटलं होतं त्याच तोंडांनी. मुलीच्या बारशाला मला पाटावर बसवलं, आणि सगुणानं वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी आशीर्वाद दिला. देताना लाज वाटली का? नाही. मला त्या दिवशी फार बरं वाटत होतं.

आणि तरी हे सगळं एक वेळ पोटात मावलं असतं. याच्या पुढचं मावत नाही.

लढाई संपली त्याच्या पुढच्या पौषात, म्हशाच्या जत्रेत. तोवर मी उघडपणे नियम सांगायला लागलो होतो: भुंड्याला भुंडी नको, एका बाजूला शिंग हवंच. गोठे साफ झाले होते, आता सांगायला भीती नव्हती. लोक याला गणपतचा नियम म्हणायचे. घाटावरचे धनगरही म्हणायचे. त्या वर्षी गुरांच्या खात्याचा एक साहेब आला होता, चष्मेवाला, वहीवाला. कुणीतरी त्याला माझ्याकडे आणलं. मी घोंगडीवर बसून त्याला सगळं सांगितलं, भुंड्याची मूळ कथा, वेतं, करडं, कोंब. माणसं जमली, नेहमीसारखी. साहेब भराभर लिहीत होता. म्हणाला, असं कुठे लिहिलेलं त्यानं वाचलं नव्हतं.

सगुणा तिथेच होती. माझ्यापासून तीन हातांवर. कडेवर मुलगी, हातात दोन शेळ्यांच्या दोऱ्या. चांगल्या शेळ्या आणल्या होत्या तिनं, अख्ख्या जत्रेत तशा नव्हत्या. ती ऐकत होती.

साहेबानं पेन्सिल थांबवली आणि विचारलं, "हे पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आलं?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "माझ्या."

साहेबानं लिहून घेतलं. नाव, गाव, सगळं. लोकांनी मान डोलावली. सगुणानं मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि शेळ्या पाण्यावर घेऊन गेली. पुढे कितीतरी वर्षं ती सणावाराला येत राहिली, मामा म्हणत राहिली, आणि त्या विषयावर कधी एक शब्द बोलली नाही.

मी खोटं बोललो. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते सगुणाच्या ध्यानात आलं. तिनं ते पंधरा माणसांसमोर, चौकटीला धरून, स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी तिला हसलो.